स्टॉकहोमची गढी

परदेशची राजधानी पाहून आलेल्या मनुष्यास घरी परतल्यावर जो तो एकच प्रश्न विचारतो : तेथे काय काय पाहिले? राजवाडा केवढा, मनोरा किती उंच आणि दुकानांतील जिनसा किती महाग एवढे त्याने सांगितले म्हणजे विचारणाराचे समाधान होते. मीही जून महिन्यात दहा दिवस स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे मुलीकडे राहून आलो, आणि जळगावास परतल्यापासून ह्या प्रश्नाची उत्तरे यथाशक्ती देत आहे. परंतु आज बोलण्याची जी संधी मिळाली आहे ती मनोऱ्यांची उंची सांगण्यात खर्च करावी असे वाटत नाही. त्या शहरात एक टेकडी आहे. त्या टेकडीवर एका शिक्षकाने एक गाव वसविले आहे. ते गाव, आणि आपल्या खानदेशाने त्यापासून काय घ्यावे, हा माझा आजचा विषय. मात्र टेकडी चढण्यापूर्वी शहराची तोंडओळख करून घेणे बरे.

स्टॉकहोम हे पाण्यावरचे शहर आहे. मेलारेन नावाचे विस्तीर्ण सरोवर जेथे बाल्टिक समुद्रास मिळते, तेथे चौदा बेटांवर ते वसलेले आहे. एका बेटावरून दुसऱ्यावर जावयाचे ते पुलावरून, नाहीतर फेरीबोटीने. इ. स. १२५२ च्या पत्रांत ह्या गावाचे नाव प्रथम आढळते. म्हणजे देवगिरीस यादव राज्य करीत होते त्या काळचे हे गाव. आपले जळगाव एकविसाव्या अक्षांशावर, तर स्टॉकहोम एकोणसाठाव्या अक्षांशाच्या पलीकडे. त्यामुळे जूनमध्ये तेथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पहाटे साडेतीनला पुन्हा उगवतो, आणि मधल्या वेळातही मिट्ट काळोख असा होतच नाही. आमच्या घरच्या मंडळींपुढे पहिल्याच दिवशी प्रश्न पडला, की सांजवात लावावयाची तरी केव्हा? डिसेंबरात हाच हिशेब उलटतो आणि दिवस जेमतेम सहा तासांचा उरतो. वर्षातील इतके महिने अंधारात काढणाऱ्या लोकांस उजेडाचे केवढे कौतुक असेल ते वेगळे सांगावयास नको. जूनमधील उन्हात ते बाकांवर डोळे मिटून, तोंड सूर्याकडे करून बसलेले दिसतात. आपण धुळ्या-जळगावचे लोक त्याच महिन्यात सावली शोधीत हिंडत असतो!

मधल्या बेटावर जुने नगर आहे. अरुंद बोळ, दगडी फरसबंदी आणि पिवळ्या-तांबूस रंगांची उंच घरे. तेथील चौकात १५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या राजाने ऐंशीच्या वर माणसांचा शिरच्छेद करविला. आज त्याच चौकात लोक कॉफी पीत बसतात. तेथून थोड्या अंतरावर पाण्याच्या काठी नगरभवन उभे आहे. राग्नार ऊस्टबेर्ग नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने बांधलेली ही इमारत १९२३ साली पुरी झाली. तीस सुमारे ऐंशी लक्ष विटा लागल्या. तिच्यातील मोठ्या दालनास ‘निळे दालन’ म्हणतात, आणि आत जाऊन पाहावे तर भिंती तांबड्या विटांच्या! दालनास निळा रंग देण्याचा बेत होता, परंतु उघड्या विटांचे रूपच शिल्पज्ञाच्या मनात भरले आणि त्याने रंगाचा बेत सोडला. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

ह्याच दालनात दर वर्षी १० डिसेंबर रोजी नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्यांस मेजवानी देतात. शांततेचे पारितोषिक तेवढे नॉर्वेत ऑस्लो येथे दिले जाते, बाकीची येथे. रवींद्रनाथांस १९१३ साली वाङ्मयाचे पारितोषिक मिळाले, परंतु ते समारंभास गेले नव्हते. स्टॉकहोमास येऊन त्यांनी आपले भाषण केले ते १९२१ च्या मे महिन्यात. आणि २०१९ साली अर्थशास्त्राचे पारितोषिक घेण्यास अभिजित बॅनर्जी धोतर नेसून गेले. त्यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या मातोश्री महाराष्ट्रीय, तेव्हा त्या दिवशी आपणांसही थोडा अभिमान वाटला असल्यास तो अस्थानी नव्हे.

लोकांच्या रीतिभातींतील दोन गोष्टी सांगून पुढे जातो. पहिली अशी, की स्वीडिश घरात पाऊल टाकण्यापूर्वी जोडे दाराशी काढून ठेवावे लागतात. युरोपात सर्वत्र पायतणासह घरात वावरतात अशी माझी समजूत होती. येथे आपलाच शिष्टाचार पाहून बरे वाटले. दुसरी गोष्ट रोख पैशाची. कागदी नोटा युरोपात प्रथम काढल्या त्या ह्याच शहरातील पेढीने, १६६१ साली. आज त्याच शहरात पुष्कळ दुकानांवर ‘रोख रक्कम स्वीकारली जात नाही’ अशी पाटी असते. माझ्या खिशातील नोटा मी बहुतांशी तशाच परत आणल्या.

आता टेकडीच्या वाटेवर येऊ. ही टेकडी यूरगोर्डन नावाच्या हिरव्यागार बेटावर आहे. त्याच बेटावर, पाण्याच्या काठाशी, एक प्रचंड इमारत लागते आणि तीत एक लढाऊ गलबत उभे आहे. त्याचे नाव वासा. राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ ह्याच्या हुकुमाने ते बांधले, त्यावर चौसष्ट तोफा चढविल्या, आणि १६२८ च्या ऑगस्टच्या दहा तारखेस शहरच्या लोकांसमक्ष त्यास पाण्यात हाकारले. जेमतेम तेराशे मीटर अंतर गेल्यावर वाऱ्याच्या एका झोताने ते कलंडले, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरले, आणि बंदरातच त्यास जलसमाधी मिळाली. सुमारे तीस माणसे बुडाली. गलबत वर फार जड आणि तळाशी फार हलके झाले होते. निघण्यापूर्वी परीक्षा म्हणून तीस खलाशांस डेकवर ह्या बाजूकडून त्या बाजूकडे पळविले, तेव्हाच ते इतके डोलू लागले की तिसऱ्या फेरीनंतर परीक्षा थांबवावी लागली. तरीही राजाच्या घाईपुढे कोणी बोलले नाही. मागाहून चौकशी झाली. कोणीच दोषी ठरला नाही.

बाल्टिकचे पाणी कमी खारे असल्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्रकिडा तेथे राहत नाही. म्हणून तीनशे तेहतीस वर्षे चिखलात पडूनही हे गलबत कुजले नाही. १९५६ साली ते सापडले आणि १९६१ च्या एप्रिलात वर काढले. लाकूड सुकून तडकू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे एका रसायनाचे फवारे मारीत होते. आज जे दिसते त्यातील शेकडा पंचाण्णवांहून अधिक भाग मूळचा आहे. मी त्या अंधारलेल्या दालनात बराच वेळ उभा होतो. एखाद्या राष्ट्राने आपल्या फजितीचे एवढे जतन करावे, आणि जगास तिकीट काढून ती पाहावयास बोलवावे, ह्याचे मला मोठे नवल वाटले. विजयाचे स्तंभ सर्वच उभारतात. जे घडले ते जसे घडले तसे राखून ठेवणे ह्यास निराळी मनोवृत्ती लागते, आणि तीच मनोवृत्ती टेकडीवरच्या गावातही आढळते.

त्या गावाचे नाव स्कान्सेन. स्वीडिश भाषेत ह्या शब्दाचा अर्थ लहानशी गढी असा होतो, कारण त्या टेकडीवर पूर्वी एक छोटी तटबंदी होती. खानदेशच्या माणसास गढी काय ते सांगावयास नको. आपल्याकडे कित्येक गावांत पडक्या गढीची माती अजून उभी आहे. परंतु ह्या गढीत राजे-सरदार राहत नाहीत. स्वीडनच्या निरनिराळ्या प्रांतांतून जुनी घरे उकलून, त्यांच्या ओंडक्यांवर खुणा करून, ती येथे आणून पुन्हा जशीच्या तशी उभी केली आहेत. शेतकऱ्यांची घरे, गोठे, धान्याची कोठारे, पवनचक्की, १७३० च्या सुमारास बांधलेले सेग्लोरा गावचे लाकडी चर्च, सुताराचे, कुंभाराचे आणि काच फुंकणाराचे कारखाने अशा सुमारे दीडशे इमारती तेथे आहेत. घरांत त्या त्या काळचा पोषाख केलेली माणसे काम करीत असतात आणि विचारल्या प्रश्नास उत्तरे देतात. उघड्या आभाळाखाली मांडलेले अशा जातीचे हे पहिले मोठे संग्रहालय होय. १८९१ च्या ऑक्टोबरात ते उघडले, आणि पुढे त्याचा एवढा बोलबाला झाला की पोलंड, हंगेरी इत्यादी देशांच्या भाषांत अशा कोणत्याही संग्रहालयास ‘स्कान्सेन’ असेच म्हणू लागले.

मी पहिल्या घराशीच थबकलो. भिंती लाकडाच्या ओंडक्यांच्या, आणि छपरावर गवत उगवलेले! जवळ जाऊन विचारता कळले, की फळ्यांवर भूर्जवृक्षाच्या सालीचे थर देतात, म्हणजे पाणी आत झिरपत नाही, आणि त्यावर मातीसकट गवताची ढेपळे पसरतात, म्हणजे साल जागची हलत नाही आणि घर उबदार राहते. श्रोते हो, मला आपले धाब्याचे घर आठवले. तुळयांवर काड्यांचा थर, त्यावर मातीचा थर, आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी वर पसरावयाची खारी माती. तेथे थंडीपासून बचाव, येथे उन्हापासून. युक्ती मात्र एकच, की पायाखालची माती डोक्यावर घ्यावी आणि तिने घर राखावे. दोन्ही ठिकाणच्या शेतकऱ्यांनी एकमेकांस कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या एका घरात एक बाई पातळ, रुंद भाकरी लाटून चुलाण्यात भाजीत होत्या. ही भाकरी वाळवून कित्येक महिने ठेवता येते, म्हणून पूर्वी वर्षातून ठराविक वेळीच भट्टी पेटवीत आणि शेजारपाजारच्या बायका मिळून ते काम उरकीत. त्यांचे लांब लाटणे आणि हातांची चपळाई पाहून आमच्या घरच्या मंडळी म्हणाल्या, ‘‘ह्या बाईंना आपले खापर दाखवावयास हवे होते.’’ पालथ्या खापरावर हातांनी वाढविलेली पुरणपोळी टाकण्याचे कसब खानदेशात ज्यांनी पाहिले आहे, त्यांस ह्या उद्गाराचा अर्थ लागलीच कळेल.

आम्ही गेलो तेव्हा तेथील मध्य-ग्रीष्माचा सण नुकताच आला होता. हा सण जूनच्या १९ ते २५ ह्या तारखांच्या दरम्यान पडणाऱ्या शुक्रवारी व त्यास लागून येणाऱ्या शनिवारी करितात. पानाफुलांनी मढविलेला उंच खांब उभारतात, आणि त्याभोवती फेर धरून म्हातारी-तरणी सर्व माणसे नाचतात. एका गाण्यात तर प्रतिष्ठित गृहस्थही बेडकासारख्या उड्या मारतात. अविवाहित मुलींनी त्या रात्री सात प्रकारची फुले उशाखाली ठेवावीत, म्हणजे भावी नवरा स्वप्नात दिसतो, अशी समजूत आहे. हे ऐकून मला आपली आखाजी आठवली नसती तरच नवल. लिंबाला टांगलेले झोके, गौराईची गाणी, माहेरी आलेल्या सासुरवाशिणी, आणि झोक्याबरोबर उंच जाणारा सूर! अक्षय्यतृतीया सर्व महाराष्ट्रात आहे, परंतु आखाजी आपली.

ह्या गावात एक जुनी शाळाही आहे. लहानशी खोली, बाके, फळा आणि मास्तरांची जागा. स्वीडनने १८४२ साली कायदा करून प्रत्येक धर्मग्रामात प्राथमिक शाळा असलीच पाहिजे असे ठरविले. देश तेव्हा गरीब होता, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल १९११ साली मांडले आणि पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळून तो अमलात यावयास २०१० चा एप्रिल उजाडावा लागला. त्या बाकावर बसून हा हिशेब मनात केला, आणि शाळाखात्यात उभे आयुष्य घालविलेल्या मनुष्यास जे वाटावयाचे ते वाटले.

आता ज्याने हे गाव वसविले त्याची हकीकत सांगतो. त्याचे नाव आर्तुर हासेलियस. जन्म १८३३ चा, स्टॉकहोमचाच. हा गृहस्थ भाषेचा पंडित. काही वर्षे शिक्षिका तयार करणाऱ्या शाळेत शिकवीत असे आणि स्वीडिश शुद्धलेखन सुधारण्याच्या खटपटीत असे. १८७२ च्या उन्हाळ्यात तो पत्नीसह दालार्ना प्रांतात प्रवासास गेला. हा प्रांत जुन्या चालीरीतींकरिता प्रसिद्ध. परंतु तेथेही त्यास दिसले, की जुने पोषाख पेटीत जात आहेत, जुनी घरे पाडली जात आहेत, आणि गावोगावचे वेगळेपण पुसट होत आहे. तेथे त्याने एका शेतकरी स्त्रीचा लोकरी घागरा विकत घेतला. तोच त्याच्या संग्रहाचा श्रीगणेशा. पुढल्याच वर्षी त्याने राजधानीत राणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर भाड्याच्या खोल्यांत आपला संग्रह लोकांकरिता उघडला. चमचे, खुर्च्या, पाळणे, घोड्यांचे साज, हाती विणलेली पांघरुणे, जे जे मिळेल ते ते. काही वर्षांनी त्याच्या लक्षात आले, की चमचा कपाटात ठेवून तो कसा वापरीत हे कळत नाही. चमच्यास चूल पाहिजे आणि चुलीस घर पाहिजे. म्हणून त्याने १८८५ साली मूरा येथले एक अख्खे घर विकत घेतले. त्यातून स्कान्सेन उभे राहिले. मागे कोणा सरदाराचा खजिना नव्हता; पैसा पुष्कळसा लोकांच्या देणग्यांतून येत असे. १९०१ साली तो वारला आणि त्याच टेकडीवर त्यास पुरले. ‘स्वतःस ओळख’ हे त्याचे बोधवचन होते.

त्याने हे काम कोणत्या वेळी आरंभिले तेही पाहण्यासारखे आहे. १८६७ पासूनची दोन-तीन वर्षे स्वीडनात दुष्काळाची गेली होती. आगगाडी पसरत होती, गिरण्या निघत होत्या, आणि शेतावर पोट भरेना म्हणून लोक बोटी भरभरून अमेरिकेस जात होते. १८५० पासून १९३० पर्यंत सुमारे १३ लक्ष स्वीडिश माणसे देश सोडून गेली. गावे ओस पडत असता, घरे मोडून सरपण होत असता ह्या शिक्षकाने ती गोळा केली. सुबत्ता आल्यावर फावल्या वेळी केलेला हा छंद नव्हे. जुने जपणे हा श्रीमंतांचा चोचला आहे असे आपल्याकडे जे म्हटले जाते, त्यास हा इतिहास साक्ष देत नाही.

परंतु गुणांबरोबर दोषही सांगितला पाहिजे. स्कान्सेनमध्ये उत्तरेकडच्या सामी लोकांची वस्तीही उभारली आहे. हे लोक रेनडियरचे कळप पाळणारे, त्यांची भाषा निराळी. सुरुवातीच्या काळात सामी कुटुंबेच तेथे आणून ठेवीत आणि शहरी लोक त्यांस पाहावयास येत. जिवंत माणसास प्रदर्शनात मांडावयाचे, आणि इकडे शाळांत व देवळांत त्याची भाषा व रीत दडपावयाची, हा अन्याय त्या देशात दीर्घकाळ चालला. २०२१ साली स्वीडनच्या चर्चने सामी लोकांची जाहीर क्षमा मागितली. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपण लोकांनी हा धडा विसरू नये. भिल्ल-पावरा बांधवांच्या होळीची छायाचित्रे दिवाणखान्यात लावणे सोपे आहे. त्यांच्या मुलास त्याच्या भाषेत पहिला धडा देणे कठीण आहे. मान नसलेले जतन हे जतन नव्हे.

इतके सांगितल्यावर आपल्या घराकडे वळतो. खानदेशात संग्राहक झाले नाहीत असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरे मिळविली, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत प्रसिद्ध केली. १९२६ च्या डिसेंबरच्या अखेरच्या दिवशी ते धुळ्यासच निवर्तले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यास त्यांचे दप्तर सांभाळीत आहे. धुळ्यासच शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनी रामदासी हस्तलिखितांचा संग्रह केला. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. आणि आसोद्याच्या लेकीची, जळगावच्या सुनेची गोष्ट तर सर्वांस ठाऊक आहे. बहिणाबाई चौधरींस लिहिता येत नव्हते. घरच्या मंडळींनी त्यांची गाणी वेळीच उतरून घेतली म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने निघाली. उतरून घेणारा हात नसता तर ती गाणी जात्याच्या पिठाबरोबरच संपली असती.

कागद राखिला, ओवी राखिली. परंतु ज्या जात्यावर ती ओवी म्हटली ते जाते कोठे आहे? पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, लामणदिवे, स्वयंपाकाची भांडी जमविण्यात आयुष्य वेचले आणि तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. आपल्या खानदेशी संसाराकरिता तसे कोणी अद्याप पुरतेपणी केलेले नाही. धाब्याची घरे पडत आहेत आणि त्यांच्या जागी सिमेंटची उभी राहत आहेत. त्यास माझी तक्रार नाही. गळक्या घरात राहण्याचा आग्रह दुसऱ्यास करणे हा माणुसकीचा मार्ग नव्हे. परंतु घर पाडताना तुळई सरपणात जाते, दरवाजाची नक्षी भंगारात जाते, आणि कणगी, तिफण, मोटेचे चाक ह्यांचे काय झाले हे कोणी विचारीतही नाही.

वस्तू गेली म्हणजे तिच्यामागून शब्दही जातो. माझ्या शेवटच्या वर्गांतील मुलांस मी ‘चाड्यावर मूठ धरणे’ ह्या वाक्प्रचाराचा अर्थ विचारीत असे. पेरणीस आरंभ करणे, असे ती पाठ म्हणत. परंतु चाडे म्हणजे काय, ते तिफणीस कोठे बांधतात, त्यात बी कसे सोडतात, हे शेतकऱ्याच्या मुलासही सांगता येत नसे. मोट गेली तशी धाव गेली, नाडा गेला. पायली, अधोली, चिपटे ही मापे गेली. आणि अहिराणीत ह्या सर्वांस जी नावे आहेत ती तर मराठी कोशांतही पुष्कळदा मिळत नाहीत. ती आजीच्या तोंडी आहेत, आणि आजी आज ऐंशी वर्षांची आहे.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार ह्या तीन जिल्ह्यांतील प्रत्येक मोठ्या गावच्या शाळेने एक खोली, नाहीतर ओसरीचा एक कोपरा, ह्या कामाकरिता मोकळा करावा. मुलांनी घरची, वापरातून गेलेली एक वस्तू आणावी. वापरातील वस्तू मुळीच मागू नये. प्रत्येक वस्तूस एक कागद लावावा आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्यात : वस्तूचे अहिराणी नाव, तिचा उपयोग, देणाराचे नाव व गाव, आणि ती शेवटची केव्हा वापरली. जी वस्तू आणता येत नाही, उदाहरणार्थ धाब्याचे घर, तिची मापे घ्यावीत, आकृती काढावी, छायाचित्र घ्यावे. आजीबाईंस शाळेत बोलावून जात्याशी बसवावे आणि त्यांचा आवाज फोनवर टिपून ठेवावा. हे यंत्र आज घरोघर आहे. ह्यास सरकारी मंजुरी लागत नाही, इमारतनिधी लागत नाही. एक उत्साही शिक्षक पुरेसा होतो. आणि अशा दहा-वीस शाळांचे कागद जमले म्हणजे धुळ्यास किंवा जळगावास एखाद्या टेकडीवर खानदेशची गढी उभारावयाची की कसे, ह्याचा विचार पुढली पिढी करील. निदान तिच्या हाती साहित्य तरी असेल.

श्रोते हो, परदेशी प्रवास पुष्कळ जण करितात, आणि आता तर आपल्या मध्यमवर्गीय घरांतील मुले-मुली तिकडे नोकरीस असल्यामुळे आईबापांसही ते सुख लाभते. स्टॉकहोमास जाणाराने नगरभवन पाहावे, वासा पाहावे, फेरीबोटीतून बेटे पाहावीत. परंतु एक पुरा दिवस स्कान्सेनसाठी राखून ठेवावा आणि तेथील गवताच्या छपराखाली निवांत बसावे. जे तिकडे जाणार नाहीत त्यांनीही वाईट वाटून घेऊ नये. येत्या रविवारी नातवंडांस घेऊन आपल्या मूळ गावी जावे, माळ्यावरची अडगळ खाली काढावी, आणि त्यांनी एखादी वस्तू हाती घेऊन ‘‘आजी, हाई काय शे?’’ असे विचारले, तर कामाचा कंटाळा न करिता त्यांस सर्व काही सांगावे. आणि सांगितलेले कोणीतरी लिहून घ्यावे.